केमोनंतर पुन्हा सायकल, आणि बार्शीपर्यंत जायचा बेत

घाटवाट | १५ नोव्हेंबर

मंडळी, इथे माझे जुने धागे सापडतील. सिंहगड किती मिनिटांत, दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांची मुदत असताना साडेदहात कशी, वगैरे. तो माणूस आता माझ्या ओळखीचा राहिलेला नाही. दीड वर्ष इथे फिरकलो नाही, त्याचं कारण सांगतो.

गेल्या वर्षी मार्चपासून सिंहगडाला वेळ वाढायला लागला. गोळेवाडीपासून वरच्या वाहनतळापर्यंत मला पंचावन्न मिनिटं लागायची. मार्चमध्ये एकसष्ट, एप्रिलमध्ये सत्तर, मे संपताना नव्वद, आणि त्यातही दोनदा उतरून सायकल ढकलली. वय ५२, म्हटलं असेल. मग साखळी बदलली. कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, बदलली. पेडलचा आस फिरतो तो बॉटम ब्रॅकेट उघडून ग्रीस भरलं. तीन महिने मी सायकलीत खोट शोधत होतो.

शेवटी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.८. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिने इमानेइतबारे खाल्ल्या, आकडा ८.१. मग दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी कागद बघून एवढंच विचारलं, "पण रक्त जातंय कुठे?" कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं तपासताना, उजव्या बाजूच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. डोळ्यांना दिसेल असं रक्त एकदाही पडलं नव्हतं, पोट दुखलं नव्हतं. सिंहगड तेवढा सांगत होता.

सप्टेंबरात ऑपरेशन. कॅन्सर जवळच्या दोन लसिकाग्रंथींत पसरला होता म्हणून तिसरा टप्पा, म्हणून केमो. दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लॅटिनचं सलाईन आणि चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, असं आठ वेळा.

ऑक्सॅलिप्लॅटिनबद्दल सायकलवाल्यांना सांगायलाच हवं. त्याचं गार वस्तूंशी वैर असतं. फ्रिज उघडायला मी हातमोजे घालायचो. डिसेंबरातलं माठातलंसुद्धा नव्हे, साधं नळाचं पाणी घशात काचेसारखं टोचायचं. तिसऱ्या केमोनंतर बरं वाटतंय म्हणून पहाटे सायकल काढली, ब्रेकच्या दांडीला बोटं लावली आणि उघडी वायर धरल्यासारखा झटका बसला. सायकल तशीच आत. कॅपेसिटाबिनने तळहात सोलून काढले ते वेगळंच.

केमो मार्चमध्ये संपली. मला वाटलं होतं आता हळूहळू बोटांतल्या मुंग्या जातील. उलट पुढचे दोन-तीन महिने वाढल्या. हे औषध असंच करतं म्हणे, थांबवल्यावरही काही काळ नसांना त्रास देत राहतं. मेमध्ये पहिली राइड झाली ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये. तीन चकरा. वॉचमनने मोजल्या आणि चौथी मारू दिली नाही.

जुलैत खडकवासल्याची चौपाटी, जाऊन येऊन वीस किलोमीटर. दिवाळीच्या आधी पानशेत. सिंहगडाकडे अजून गेलेलो नाही. खालून बघतो आणि वळतो.

सायकलीत केलेले बदल, कुणाला उपयोग होईल म्हणून: बोटांत जोर नाही, त्यामुळे केबलचे ब्रेक काढून हायड्रॉलिक डिस्क घेतले, एका बोटाने लागतात. हँडल दोन इंच वर घेतलं. मागे ३४ दातांची कॅसेट टाकली. त्या सगळ्यात मोठ्या चकतीला आमच्या गटात आजीचा गिअर म्हणायचे आणि जो वापरेल त्याला हसायचे. मीही हसायचो. सायकल आता खाली वॉचमनच्या खोलीत असते, कारण पोटावर टाके आहेत आणि तीन मजले उचलायची नाही असा हुकूम आहे.

आता बेत. केमोच्या दिवशी डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्चीवर परांड्याकडचे एक काका असायचे. पहाटेच्या एसटीने यायचे. ते म्हणाले, "औषध सरकारी योजनेत बसलं ओ. पण एसटी, दोघांचं खाणं आणि माझी आन् पोराची बुडालेली मजुरी, हे कुठल्या योजनेत बसवायचं?" पुढच्या केमो त्यांनी बार्शीला घेतल्या, घराजवळ पडतं म्हणून. तर जानेवारीत दोन दिवसांत पुणे ते बार्शी सायकलने जायचं आणि त्या भागातल्या कॅन्सरच्या रुग्णांच्या प्रवासासाठी, जेवणासाठी पैसे जमवायचे. ज्याला जमेल त्याने किलोमीटरला जमतील तेवढे रुपये द्यावेत. पैसे माझ्याकडे नकोत, तिथल्या नोंदणीकृत न्यासाच्या खात्यात थेट. खाते क्रमांक नियमाप्रमाणे इथे देता येत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

वाट, वारा, मुक्काम, कशाहीबद्दल सूचना असतील तर लिहा.

मी_अपर्णा | १५ नोव्हेंबर

वाचताना मध्येच थांबावं लागलं. घाटवाट, तुमचे जुने धागे वाचूनच मी सायकल घेतली होती. किलोमीटरला १० रुपये माझे. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा) म्हणायचं की पुराशु? पुढील राइडला शुभेच्छा!

उंटावरचा_शहाणा | १५ नोव्हेंबर

तब्येत सुधारली, आनंद आहे. पण एक मूलभूत शंका. सायकल चालवल्याने परांड्याच्या काकांना नेमकं काय मिळतं? दोन दिवस, मुक्काम, सोबतची गाडी, डिझेल, जर्सी छापणं. तेवढे पैसे सरळ देऊन टाका. "फॉर अ कॉज" वाल्या राइड्समध्ये कॉजपेक्षा फोटो जास्त असतात हा अनुभव आहे. वैयक्तिक घेऊ नये.

बाह्यरुग्ण | १५ नोव्हेंबर

मी डॉक्टर आहे, पण कॅन्सरतज्ज्ञ नाही. आधी सगळ्यांसाठी, कारण धाग्यातली सर्वांत महत्त्वाची ओळ सायकलीची नाही. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषाला लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया असेल, तर रक्त कुठून जातंय हे शोधल्याशिवाय नुसत्या गोळ्या देत राहायच्या नसतात. पाळी थांबलेल्या बायकांनाही हेच लागू. उजव्या बाजूची गाठ अशीच गुपचूप गळते.

आता घाटवाट यांना. बोटांचं लिहिलंत, पायांचं नाही. तळव्यांना मुंग्या असतील तर क्लिपवाले पेडल काढून टाका. बूट सुटला की नाही हे कळणार नाही आणि सिग्नलला आडवे व्हाल. उजव्या बाजूचं आतडं काढलंय म्हणजे लहान आतड्याचं टोकही गेलं असणार, तेव्हा बी-१२ तपासा. निघण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि हृदयाची स्ट्रेस टेस्ट. तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टना (कॅन्सरतज्ज्ञांना) बेत सांगितलाय का?

आणि उंटावरच्यांसाठी अवांतर: जून २०२५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये चॅलेंज नावाची चाचणी छापून आली. आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, ऑपरेशन आणि केमो झालेले. निम्म्यांना तीन वर्षं मागे लागून व्यायाम करायला लावला, निम्म्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. पाच वर्षांनी व्यायामवाल्यांपैकी ८० टक्के लोक आजार न उलटता होते, पत्रकवाल्यांपैकी ७४ टक्के. आठ वर्षांनी हयात असलेले ९० आणि ८३. बहुतेकांनी निवडलेला व्यायाम म्हणजे भरभर चालणं. तेव्हा सायकलचा फायदा परांड्याच्या काकांना होवो न होवो, चालवणाऱ्याला होण्याची शक्यता बरी आहे.

घाटवाट | १६ नोव्हेंबर

@बाह्यरुग्ण, पेडलचं डोक्यात नव्हतं. कालच साधे प्लॅटफॉर्म पेडल लावले. ऑन्कॉलॉजिस्टना सांगितलंय. "रेस नाही ना?" एवढं विचारून सीईए (कॅन्सर उलटतोय का हे बघायची रक्ततपासणी) आणि सोनोग्राफी लिहून दिली.

@उंटावरचा_शहाणा, वैयक्तिक घेतलेलं नाही, पण उत्तर वैयक्तिकच आहे. गाडी बायकोची, डिझेल आणि मुक्काम माझ्या खिशातून, जर्सी नाही. सरळ पैसे मागण्याचा प्रयोगही करून झालाय. ऑगस्टमध्ये चाळीस जणांना नुसता निरोप पाठवला की अमुक कामासाठी मदत हवी आहे. सहा जणांनी दिली. बाकीच्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. ऑक्टोबरात त्याच चाळीस जणांना लिहिलं की बार्शीला सायकलने जातोय, किलोमीटरला किती देणार? एकतीस जणांनी फोन केला. फोन, निरोप नव्हे. त्यातले काही जण मला आजार कळल्यापासून टाळत होते. आमच्या सायकल गटातला एक मित्र, ज्याच्याबरोबर बारा वर्षं दर रविवारी चढलो, तो वर्षभर आला नव्हता. तो चाळीस मिनिटं टायरच्या रुंदीवर बोलला. आजाराबद्दल एक अक्षर नाही. शेवटी म्हणाला, "वीस रुपये लिही माझे."

कॅन्सरवाल्याशी काय बोलायचं हे माणसांना कळत नाही. टायरबद्दल बोलता येतं.

बकुळा_बॉस्टन | १६ नोव्हेंबर

इथे पॅन-मास चॅलेंज नावाची राइड असते, दर ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी, डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी. मी चालवत नाही, चार वर्षं पाण्याच्या थांब्यावर केळी सोलून देते. १९८० मध्ये ३६ जणांनी सुरू केली, तेव्हा दहा हजार डॉलर जमले होते. आता हजारो लोक येतात आणि आजवरची रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली आहे.

उंटावरच्यांची शंका तिथेही निघते. म्हणून त्यांचा नियम असा: राइडरने जमवलेला डॉलर अन् डॉलर संस्थेला. तंबू, जेवण, पोलीस बंदोबस्त हा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्क यांतून. तुम्हीही हिशेब असाच वेगळा ठेवा आणि जाहीर करा. माझे किलोमीटरला ५० रुपये. संस्थेला परदेशातून पैसे घ्यायची परवानगी नसेल, तर आईच्या खात्यातून पाठवीन.

चाकोरी | १६ नोव्हेंबर

८०जी, म्हणजे देणगीवरची करसवलत, मिळेल का? प्रश्न क्षुल्लक आहे, माहीत आहे.

घाटवाट | १६ नोव्हेंबर

क्षुल्लक नाही, चौथ्यांदा आलाय. नव्या करप्रणालीत असाल तर ही वजावट नाही. जुन्या प्रणालीत असाल तर मिळेल, पण दोन हजारांच्या वरची रोख रक्कम चालत नाही, म्हणून खात्यावरच पाठवा आणि न्यासाकडून १०बीई प्रमाणपत्र मागा.

सौ_घाटवाट | १७ नोव्हेंबर

हा प्रतिसाद द्यायला खातं उघडलंय. ह्यांनी जे लिहिलं नाही ते लिहिते. जूनमध्ये दुसऱ्यांदा बाहेर पडले तेव्हा नांदेड सिटीच्या फाटकाजवळ फुटपाथवर बसून मला फोन केला. चक्कर नव्हती. संडासला जायचं होतं आणि उठायची भीती वाटत होती. त्या ऑपरेशननंतर आलं की आलं, दोन मिनिटंसुद्धा मिळत नाहीत. त्यामुळे बार्शीच्या रस्त्यावरचा मुक्काम, वारा हे नंतर. मला प्रत्येक पेट्रोल पंपाची आणि धाब्याची यादी हवी आहे, जिथे संडास स्वच्छ आहे आणि कुलूप नसतं. गाडी मी चालवणार आहे. दर वीस किलोमीटरला थांबणार आहे. हे त्यांना मान्य नसलं तरी ठरलेलं आहे.

घाटवाट | १७ नोव्हेंबर

मान्य आहे.

कुर्डुवाडीकर | १७ नोव्हेंबर

वहिनी, यादी व्यनि केली आहे. आमचं किराणा दुकान, सोलापूर रस्त्यावर आठवड्यातून दोन फेऱ्या असतात, त्यामुळे हे ज्ञान पक्कं आहे. यवतपर्यंत काळजी नाही. कुरकुंभ ते भिगवण दोनच ठिकाणं भरवशाची. टेंभुर्णीला वळल्यावर आमच्या घराशिवाय दुसरीकडे थांबायचंच नाही.

जानेवारी म्हणजे ऊस. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, आणि गाणी एवढी मोठी की तुमची घंटा ऐकू जाणार नाही. अंधारात अजिबात चालवू नका. वारा समोरून किंवा डावीकडून लागेल, सकाळी जास्त.

बार्शी निवडलीत म्हणून आनंद झाला, नाहीतर सगळे मुंबईकडे बघतात. नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आमच्याकडे ऐंशीच्या दशकापासून आहे. ग्रामीण भागातली देशातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. आणि ही गोष्ट कमी लोकांना माहीत आहे: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणी करावी असं आज जगभर सांगतात, त्यामागचा एक मोठा पुरावा आमच्या शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला आहे. बार्शीचं रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिळून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखावर बायकांचा अभ्यास केला. एकदाच एचपीव्ही तपासलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे. २००९ मध्ये छापून आलं. माझी मावशी भूमकडची. गावात गाडी यायची, बायका लाजून घरात लपायच्या आणि शाळेतल्या बाई त्यांना ओढून आणायच्या, असं सांगते.

निशिगंधा | १८ नोव्हेंबर

घाटवाट, एक विनंती. पैशासाठी जे आवाहन लिहाल त्यात "झुंज", "योद्धा", "हरवलं" नको. माझे बाबा फेब्रुवारीत गेले. शेजारी येऊन सांगत होते की शेवटपर्यंत लढले, पण हरले. बाबा हरले नाहीत. त्यांना औषध लागू पडलं नाही, एवढंच. किलोमीटरला १५ रुपये.

घाटवाट | १८ नोव्हेंबर

नाही लिहिणार. मलाही औषध लागू पडलं एवढंच झालंय, आणि तेही आजपर्यंत. आणखी चार वर्षं दर काही महिन्यांनी तपासण्या आहेत.

२००४-०५ मध्ये आम्ही सगळे कॅन्सरमधून उठलेल्या सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा तो पिवळा रबरी पट्टा मनगटावर घालायचो. कॅन्सरशी माझा तेवढाच संबंध होता. २०१२ मध्ये त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं काढून घेतली तेव्हा रागाने ड्रॉवरमध्ये टाकला. गेल्या वर्षी केमोच्या फायली ठेवताना सापडला. मनात आलं, औषधं घेऊन चढला ते खोटं, पण १९९६ ची त्याची केमो खरी होती. पट्टा परत ड्रॉवरमध्येच ठेवला. घालावासा वाटला नाही, टाकवलाही नाही.

घाटवाट | १९ जानेवारी

झालं. लिहायला आठवडा लागला, कारण बोटांनी दोन दिवस काहीच धरता येत नव्हतं.

पहिला दिवस पुणे ते भिगवण, १०४ किलोमीटर. पूर्वी पहाटे पाचला निघालो असतो, आता ऊन अंगावर आल्याशिवाय हँडल धरता येत नाही म्हणून साडेसात. हडपसर सोडेपर्यंतच जीव नकोसा झाला. उरुळीपुढे रस्ता मोकळा. दर वीस किलोमीटरला वहिनी, म्हणजे तुमच्या वहिनी, गाडीचं दार उघडून उभ्या. मीठ-साखरेचं पाणी, अर्धं केळं, संडास, पुढे. सरासरी ताशी सतरा. पाटसजवळ शाळेतून परतणाऱ्या पोरांनी मला दोनदा मागे टाकलं, आणि दुसऱ्यांदा तर ती डबलसीट होती.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी आले होते. सगळे मासळीचं ताट घेतात, मी दहीभात खाल्ला. नऊला झोपलो.

दुसऱ्या दिवशी वारा समोर. इंदापूरपर्यंत ठीक. टेंभुर्णीला वळल्यावर बोटं बधिर होत गेली. मुंग्या येतात ते बरं असतं, कळतं तरी. मुंग्या थांबल्या आणि मग ब्रेक लागतोय की नाही हे बघायला मान खाली घालून हाताकडे बघावं लागायला लागलं. समोर उसाची ट्रॉली. कुर्डुवाडीच्या अलीकडे थांबलो. हात मांडीखाली दाबून पंधरा मिनिटं बसलो, फरक नाही. सायकल गाडीवर टाकली.

कुर्डुवाडीकरांच्या घरी पोचलो ते गाडीतून. त्यांच्या मातोश्रींनी कोमट पाण्याचं घमेलं पुढे ठेवलं, हुरडा भाजायला घेतला, आणि मी का उतरलो हे कुणीही विचारलं नाही. दीड तासाने बोटं परत आली. तिथून बार्शी पुन्हा सायकलवर. जुनी बार्शी लाइट रेल्वे याच बाजूने जायची, १८९७ साली सुरू झालेली. तिच्या वेगाची चेष्टा ऐकत मोठे झालेले कुर्डुवाडीकर मोटारसायकलवर माझ्या मागे होते, आणि मी त्या गाडीपेक्षा हळू आहे असं त्यांनी अधूनमधून सांगितलं. साडेपाचला भगवंताच्या देवळापाशी पोचलो.

ठरलेलं अंतर २१३, सायकलवर १९५, गाडीत १८. पैसे १९५ चेच घेतले आहेत. न्यासाची पावती आणि सगळ्यांचा तक्ता, नावांऐवजी इथले आयडी लिहून, जोडतो आहे. परांड्याचे काका भेटायला येणार होते, पण त्या दिवशी त्यांची केमो होती.

मी_अपर्णा | १९ जानेवारी

त्या पोरांच्या डबलसीटवर हसले आणि ट्रॉलीपाशी श्वास रोखला. १८ किलोमीटरचेही घ्या हो!

घाटवाट | १९ जानेवारी

नको. किलोमीटर म्हणजे किलोमीटर.

उंटावरचा_शहाणा | २० जानेवारी

तक्ता तपासला. ओळ ३४: १९५ गुणिले ५ म्हणजे ९७५, तुम्ही ७९५ लिहिलंय. एकूण रकमेतही तीच चूक उतरली आहे, १८० रुपये कमी. बाकी चोख. पुढच्या वेळी तक्ता मी करून देतो. आणि ओळ ६१ मला नव्याने घालायची आहे, व्यनि पाहा.

कुर्डुवाडीकर | २० जानेवारी

तुमची निळी पाण्याची बाटली आमच्याकडे राहिली आहे. आईने त्यात मनीप्लँट लावायच्या आत कळवा.

पाहुणा_सांगली | २ फेब्रुवारी

नमस्कार. खातं आजच उघडलं, सायकलचा काही संबंध नाही. 'हिमोग्लोबिन कमी' शोधताना इथे आलो. माझे भावोजी ५६ वर्षांचे आहेत. हिमोग्लोबिन ८.४, तीन महिने लोहाच्या गोळ्या चालू आहेत, जिना चढताना धाप लागते. शेतात उन्हातान्हात काम केल्याने अशक्तपणा आलाय असं घरात सगळे म्हणतात. वर बाह्यरुग्ण यांनी लिहिलंय तसं काही असेल का? विचारायला भीती वाटते.

बाह्यरुग्ण | २ फेब्रुवारी

असेलच असं नाही. मूळव्याध असेल, अल्सर असेल, आणखी काही असेल. पण बघितल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. पोटविकारतज्ज्ञ गाठा, जुने सगळे रिपोर्ट न्या, आणि "कोलोनोस्कोपी करायची का?" हे तुम्ही स्वतः विचारा. पुढच्या महिन्यात नको.

घाटवाट | २ फेब्रुवारी

व्यनि केला आहे, त्यात माझा नंबर आहे. तपासणीआधी जे औषध पाजतात ते गार करून लिंबाबरोबर द्या, जरा सुसह्य होतं. आदल्या रात्री मीही घाबरलो होतो. माझी तपासणी झोपेतच झाली, कळली नाही.

पाहुणा_सांगली | ३ फेब्रुवारी

सोमवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली. भावोजी चिडले आहेत. नेतो.